अणुभौतिकीत आता नवीन काय उरलंय? जड आयनांवर पीएचडी करावी का?

नेमकं हेच, ‘उरलंय काय?’, एम.एस्सी.ला असताना एका सरांनी मला भर वर्गात सुनावलं होतं. अणू कधीच सोडवून झालाय, न्यूक्लियर (केंद्रकाची भौतिकी) घे, असं त्यांचं मत. म्हणून उत्तर लांबणार.

सोडवून झालाय तो हायड्रोजन. युरेनियमवर एकच इलेक्ट्रॉन ठेवा, मग बोला. जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय या जड-आयन संशोधन केंद्रात ईएसआर नावाची १०८ मीटर परिघाची साठवण रिंग आहे. तिथल्या रात्रपाळ्या मी केल्यात. ९२ च्या ९२ इलेक्ट्रॉन काढलेलं युरेनियम आत फिरत असतं. कूलरमध्ये, म्हणजे आयनांचा वेग एकसारखा करायला सोबत इलेक्ट्रॉन सोडतात त्या भागात, एखादा आयन सोबत धावणारा इलेक्ट्रॉन पकडतो आणि क्ष-किरण सोडतो. भार एकने घटल्यामुळे पुढचा डायपोल (वळवणारा चुंबक) त्याला कमी वळवतो, तो बीममधून सुटून काउंटरवर आदळतो. क्ष-किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरचा नुसता स्पेक्ट्रम बघाल तर सगळा चिखल. काउंटरशी कोइन्सिडन्स लावला, म्हणजे आयन आदळला त्याच वेळचे क्ष-किरण तेवढे घेतले, की त्यातून लायमन-अल्फाची (इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवरून तळाला येताना सुटणाऱ्या क्ष-किरणांची) दोन शिखरं वर येतात, चांगली साडेचार हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट अंतरावर. हायड्रोजनमध्ये हेच अंतर ०.००००४५ आहे! पुस्तकातली सापेक्षतेची बारीकशी दुरुस्ती इथे डोळ्यांना दिसते.

आणि काम बाकी आहेच. २००५ मध्ये या आयनाच्या तळपातळीचा लॅम्ब शिफ्ट (डिरॅकच्या समीकरणाने येणाऱ्या ऊर्जेपासून पातळी जितकी सरकते तो फरक) ४६०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आला, त्रुटी ४.६. सिद्धांत सांगतो साधारण ४६४, तोही दहापट नेमका. म्हणजे मागे आहोत ते आपण, मोजणारे. मुख्य अडचण डॉप्लरची: आयन वेगात असतो, त्यामुळे मोजलेली ऊर्जा सरकते.

राहिलं न्यूक्लियर. डिस्प्रोशियम-१६३ एरवी स्थिर. १९९२ मध्ये याच रिंगमध्ये त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढले, तर त्याचा बीटा-क्षय होऊ लागला, अर्धायुष्य सुमारे ४७ दिवस. कारण केंद्रकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला आता रिकाम्या कक्षेत जागा होती. केंद्रक टिकणार की नाही हे त्याच्याबाहेरची इलेक्ट्रॉनची कक्षा ठरवत असेल, तर अणुभौतिकी संपली कशी? सरांना तेव्हा हे सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. या दोन विषयांत भिंत घालून शिकवणं चूकच आहे.

पीएचडीचं म्हणाल तर माझं मत ‘करा’. फक्त बीमटाइम (प्रयोगासाठी मिळणारा यंत्राचा वेळ) फार तुटपुंजा मिळतो, आणि ऐन वेळी मशीन बिघडलं तर पुढच्या वेळापत्रकाची वाट बघायची. तेवढा धीर नसेल तर सिद्धांताकडे वळा. आधी मुंबईच्या टीआयएफआरच्या किंवा दिल्लीच्या आययूएसीच्या पेलेट्रॉनवर (आयनांना वेग देणाऱ्या यंत्रावर) हात साफ करता आला तर उत्तम. जीएसआयशेजारच्या फेअर या नव्या त्वरक प्रकल्पात भारत भागीदार आहे, त्यामुळे इथल्या गटांमार्फतही वाट निघते. आणि हो, पुढे प्राध्यापकी मिळेलच असं धरून येऊ नका.