एका घरातून माघार घेतली, आता दुसऱ्यासाठी ऑफर कशी देऊ?

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी आमचं एक घर जवळजवळ ठरलंच होतं. तपासणीची अट घालून दिलेली ऑफर मान्य झाली, इसार दिला. मग तपासणीला आलेल्या माणसाने मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि मला म्हणाला, "इथे हात लावून बघा." रंग नवा होता, पण भिंत गार आणि दमट लागली. मालक म्हणाले, किरकोळ आहे. आमचं मन धजेना, आम्ही मागे फिरलो. इसार परत मिळण्याचं बोलणं झालंय, पैसे अजून आलेले नाहीत. आता दुसरं एक घर मनापासून आवडलंय. एजंट तोच आहे. आमच्या यांचं म्हणणं, तपासणीत आणि कर्जाच्या फीमध्ये गेलेले पैसे भरून निघायला हवेत, म्हणून इथे किंमत पाडून मागायची. मला वाटतं, आपण एकदा शब्द फिरवलाय, तो या मालकांच्या कानावर जाणारच. तेव्हा मागतील ती किंमत द्यावी, तपासणीची अटही काढून टाकावी, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल. माघारीचं त्यांना सांगावं का? रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर : आधी तो इसार. "बोलणं झालंय" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बोलणं झालंय म्हणजे कागद झालेला नाही. पहिला व्यवहार रद्द झाल्याचं दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी लेखी घ्या. कोणत्या तारखेला रद्द झाला, कोणत्या अटीनुसार, इसार किती दिवसांत परत येणार आणि यापुढे कोणाचं कोणाकडे काही मागणं उरलेलं नाही, एवढं त्यात यायला हवं. तो कागद नसताना या दुसऱ्या मालकांनी तुमची ऑफर स्वीकारली, तर तुम्ही एकाच वेळी दोन घरांच्या करारात अडकू शकता. शिवाय तेच पैसे इथे इसार म्हणून द्यायचे मनात असेल, तर ते आज तुमच्या हातात नाहीत. माघार करारातल्या मुदतीच्या आत आणि लेखी कळवली होती ना, तेही काढून बघा. कळवली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. नसेल, तर दुसरी ऑफर देण्याआधी तो करार वकिलाला दाखवा. नियम ठिकाणागणिक बदलतात आणि शेवटी करारातला शब्दच कामी येतो.

बँकेलाही कळवा. तुमच्या उत्पन्नाची छाननी झालेली असते, तिची मुदत संपली नसेल तर ती कामाला येते. घराची छाननी मात्र नव्याने होते, कागदपत्रंही आणि मूल्यांकनही. घाई झाली म्हणून चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद तुमच्या कर्ज-इतिहासात होते.

आता तुमची झोप उडवणारी गोष्ट. ताई म्हणून हाक मारलीत, म्हणून मोकळेपणाने सांगते, तुम्ही शब्द फिरवलेला नाही. तपासणीत काही निघालं तर आम्ही घेणार नाही, असं तुम्ही आधीच लिहून दिलं होतं आणि त्या मालकांनी ते वाचून सही केली होती. ओल निघाली, तुम्ही थांबलात. जे ठरलं होतं तेच झालं. मनाला हे पटायला वेळ लागतो, ते मी जाणते.

या मालकांना सांगा, आणि त्यांनी विचारायच्या आत सांगा. "ही पार्टी एकदा मागे फिरलेली आहे" एवढंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कानावर आलं, तर ऐकणारा त्यात आपल्या मनाचं भरतो : कर्ज मिळालं नसेल, नवराबायकोचं एकमत नसेल, माणसं धरसोडीची असतील. तुम्ही सांगितलंत तर भरायला जागा उरत नाही. "आधीच्या घराच्या मागच्या भिंतीत ओल निघाली, करारातल्या तपासणीच्या अटीनुसार आम्ही तो व्यवहार थांबवला, पैशांची अडचण नव्हती." एवढं पुरे. पहिल्या मालकांबद्दल वाईट एक अक्षर नको. आणि जे सांगू नये ते एजंटलाही सांगू नका : तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता, राहतं घर कधी रिकामं करायचंय, हे घर किती आवडलंय. त्याची दलाली कोण देतं आणि तो कोणाच्या बाजूने काम करतोय, हे त्याला सरळ विचारा. यात त्याचा अपमान होत नाही.

किमतीचं म्हणाल, तर तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की तुम्ही दोघंही या घराची किंमत ठरवतच नाही आहात. ते पहिल्या घरात गेलेला खर्च इथून वसूल करू पाहताहेत, तुम्ही पहिल्या घराची अपराधी भावना इथे फेडू पाहताय. या दुसऱ्या मालकांचा त्या भिंतीशी काहीही संबंध नाही. गेलेली फी गेली. ती इथल्या किमतीत घालायचीही नाही आणि त्यातून वजाही करायची नाही.

डोक्यात एकदा बसलेला आकडा किती घट्ट बसतो, याचा एक प्रयोग अमेरिकेत ॲरिझोनामध्ये झाला होता. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी तो 1987 साली प्रसिद्ध केला. एकच घर, तीच माहितीची पानं, फक्त मालकाची अपेक्षित किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितलेली. काहींना मूल्यांकनापेक्षा सुमारे 12 टक्के कमी, काहींना तेवढीच जास्त. घर प्रत्यक्ष फिरून पाहिलेल्या, याच धंद्यातल्या एजंटांचे अंदाजही त्या आकड्याकडे ओढले गेले, आणि बहुतेकांना तसं झाल्याचं मान्य नव्हतं. तुमच्या डोक्यात तर दोन आकडे आहेत, मागच्या घराचा आणि या मालकांचा. म्हणून ते दोन्ही आकडे बाजूला ठेवा. याच भागात, साधारण एवढ्याच आकाराची आणि वयाची घरं गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकली गेली, ते शोधा. मागितलेली किंमत नको, विकली गेलेली. मग तुम्ही एका कागदावर, तुमच्या यजमानांनी दुसऱ्या कागदावर, एकमेकांना न विचारता लिहायचं : या घराला जास्तीत जास्त किती. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून बोला. बोलणं सोपं होतं, खरंच.

तपासणीची अट काढण्याबद्दल मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे, काढू नका. मी हे केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका घरातून मागे फिरलो, कारण मालकीच्या कागदांवर एका भावाची सही नव्हती. चूक आमची नव्हती, तरी त्या वयस्कर बाईंचा पडलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. पुढचं घर पाहिलं तेव्हा आपण खात्रीची माणसं आहोत हे दाखवायच्या नादात मीच म्हटलं, पुरेसं कर्ज मिळालं नाही तर मागे फिरू ही कर्जाची अट नको, तशीच ऑफर देऊ. ती मान्य झाली. मग बँकेचा माणूस येऊन गेला आणि त्याचं मूल्यांकन आमच्या ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं. बँकेने कर्जाचा हिशेब त्या कमी आकड्यावर केला. मधली रक्कम आमच्या खिशातून जायची होती आणि खिशात ती नव्हती. अट असती तर पुन्हा बोलणी करता आली असती, नाहीतर इसार घेऊन बाहेर पडता आलं असतं. आम्ही हातउसने घेतले. ते फिटेपर्यंत महिन्याची 1 तारीख जवळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. त्या बाईंबद्दल वाटणाऱ्या खंतीची किंमत मी भलत्याच व्यवहारात मोजली होती.

विश्वास बसवायचा तर अट ठेवा, मुदत कमी करा. तपासणी करणाऱ्याची वेळ आधीच घेऊन ठेवा आणि ऑफरमध्ये लिहा : सात दिवसांत तपासणी उरकून होकार किंवा नकार लेखी कळवू. सोबत बँकेचं मंजुरीपत्र जोडा, इसाराचे पैसे तयार असल्याचा दाखला जोडा. मालकांना ताबा कधी द्यायला सोयीचं आहे ते विचारा, कधी कधी त्यांना दोन पैशांपेक्षा दोन महिन्यांची सवड जास्त हवी असते. ऑफरलाही मुदत घाला, दोन-तीन दिवसांची, म्हणजे तुमचा आकडा दाखवून ते दुसऱ्या कोणाला वर चढवत बसणार नाहीत. आणि तोवर तिसऱ्या घराला ऑफर नाही.

घर पुन्हा बघायला जाल तेव्हा दोघं मिळून जा. मालकांची परवानगी घेऊन बाहेरच्या भिंतींना लागून असलेलं कपाट सरकवा, न्हाणीघराच्या पलीकडची भिंत खालपासून वरपर्यंत तळहाताने चाचपा. ताजा रंग एकाच भिंतीला दिसला तर का दिला, ते विचारा. यावेळी आधी यजमानांना हात लावू द्या.