घर आपल्या हातानं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचं घर चिऱ्याच्या भिंतींचं, तळमजल्याचं. बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. पश्चिमेकडच्या खोलीत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत दर पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे सुटतात. गेल्या दिवाळीआधी वॉटरप्रूफ पुट्टीचे दोन हात देऊन वर इमल्शन मारलं. या वर्षी पोपडे आलेच, वर ओल आणखी फूटभर चढली. यंदा काय लावावं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : लावायचं नंतर बघू, आधी काढायचं आहे. ओल वर का चढली ते समजलं की बाकीचं आपोआप समजेल. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पायातलं पाणी तो वर खेचतो आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथून ते वाफ होऊन बाहेर पडतं. तुमच्या भिंतीची बाहेरची बाजू सिमेंटने बंद झालेली, आतली तुम्ही पुट्टीने बंद केलीत. पाण्याने मग पुट्टी संपते तिथपर्यंत वर चढून वाट काढली. येताना ते क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे रंगाच्या मागे धरतात, तेच रंगाला पुढे ढकलतात. पोपडा उचकटल्यावर मागे पांढरी भुकटी दिसते ना, तो लोणा. जास्त महागडी पुट्टी आणली तर पुढच्या वर्षी ओल चार फुटांवर दिसेल, एवढाच फरक.

आधी बाहेर जाऊन भिंतीचं पाऊल बघा. पागोळ्या कुठे पडतात? भिंतीपासून फूट-दीड फुटावर पडून चिखल भिंतीवर उडत असेल तर तिथे एक तर पन्हळ लावा, नाही तर दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा करा, म्हणजे पाणी उडणार नाही. भिंतीला टेकवून केलेले मातीचे वाफे आणि कुंड्या हलवा. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली हवी आणि उतार घरापासून लांब जाणारा हवा. हे काम फावड्याचं आहे, दिसायला काही शोभेचं नाही, पण निम्मी ओल इथेच थांबते.

आता आत. पत्तीने रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडा. गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे गिलावा सुटलेला आहे, तो ओलीच्या रेषेच्या वर फूटभर जागेपर्यंत काढून टाका. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा. पाण्याने धुऊ नका, धुतलात की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. भिंत सुकायला इंचाला साधारण महिना धरतात. म्हणजे नऊ इंची भिंत या दिवाळीपर्यंत सुकत नाही, हे धरूनच चाला.

म्हणून सुकण्याच्या आड न येणारा रंग द्या : चुना. खड्डे चुना-वाळूच्या (१:३) गिलाव्याने पातळ थरांत बुजवा, सिमेंट वापरू नका. ते आठ-दहा दिवसांत आटले की चुन्याचे तीन हात. तुमची भिंत १२ फूट लांब आणि पट्टा साडेतीन फूट उंच धरला तर ४२ चौरस फूट होतात. त्याला १ किलो कळीचा चुना आणि ५ लिटर पाणी पुरेल. लोखंडी घमेल्यात किंवा पत्र्याच्या डब्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं. मिश्रण उकळल्यासारखं तापतं, त्यामुळे प्लॅस्टिकची बादली नको. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतरातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला.

चुका होतात त्या इथे. पहिला हात दिल्यावर भिंतीवर काहीच दिसत नाही, नुसतं पाणी फिरवल्यासारखं वाटतं. मग माणूस घाबरून चुना दाट करतो, आणि दाट चुना पुढे हाताला लागत राहतो. तो दुधाइतका पातळच हवा. सुकल्यावर पांढरा उमटतो. दिवसाला एकच हात द्या. भिंत कोरडी असेल तिथे आधी पाण्याचा हलका फवारा मारा, ओलसर असेल तिथे गरज नाही. इमल्शनचा अंश राहिला असेल तिथे चुना धरणार नाही, सोलून येईल. वरचं इमल्शन आणि खालचा चुना यांच्या सांध्यावर चुन्यातच गेरू कालवून वीतभर रुंद पट्टा ओढा. सांधा झाकला जातो आणि खोलीला जुन्या घराचा ढंग येतो. सांधा लपवायला लाकडी पट्टी मात्र मारू नका, तिच्यामागे पुन्हा ओल साठेल.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये ३ फुटांची पुस्तकांची फळी लावली होती. आठवड्याने वरचे स्क्रू गिट्ट्यांसकट (स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या प्लॅस्टिकच्या नळ्या) बाहेर आले. ड्रिल मशीन घरचंच आहे. चूक कुठे झाली? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भोक पाडताना बाहेर पडलेली पूड आठवा. सुरुवातीचा अर्धा इंच करड्या रंगाचा, तो गिलावा. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिल पुढे जाईना झालं तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. पांढुरकी, पिठासारखी मऊ पूड येऊन ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सरकलं असेल तर ते हलके ब्लॉक आहेत. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत हेच असतात आणि तुमच्याकडेही तेच असावेत. विटेसाठीची दीड इंची गिट्टी त्यात धरत नाही. शिवाय ड्रिलचा हॅमर (फिरताना ठोके देण्याची सोय) चालू ठेवून भोक पाडलं की ब्लॉक आतून भुगा होतो, ८ मिमीच्या बिटाने १० मिमीचं भोक पडतं आणि गिट्टी आत नुसती फिरते.

पुन्हा करताना हॅमर बंद करून नुसतं फिरवा. हार्डवेअरच्या दुकानात ब्लॉकच्या भिंतीसाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागा, किमान ८० मिमी. बिट कितीचं लावायचं ते गिट्टीच्या पाकिटावर असतं. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी जास्त खोल घ्या आणि आतली पूड फुंकून किंवा सायकलच्या पंपाने काढा. पूड राहिली की गिट्टी तिच्यावर घसरते. जुन्या भोकांत पुन्हा मारू नका, ती बुजवून दोन-तीन इंच सरकून नवी पाडा.

आता वजन. फूटभर लांबीत दाटीने लावलेली पुस्तकं ८ ते १० किलो भरतात. तीन फुटांना फळीसकट तीस-पस्तीस किलो धरा. खालच्या स्क्रूवर दाब येतो, वरच्यावर ओढ, म्हणून वरचेच आधी सुटतात. कंसाचा (फळीखालच्या काटकोनी ब्रॅकेटचा) लांब हात भिंतीला आणि आखूड हात फळीखाली यायला हवा. बरेच जण उलटं लावतात, कारण फळीखाली लांब हात असला की आधार जास्त वाटतो. १८ मिमी प्लायला दोन फुटांपेक्षा जास्त अंतर देऊ नका. म्हणजे तुम्हाला तीन कंस लागतील, दोन नाही.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायरी तिथूनच जातात. बाथरूमच्या सामाईक भिंतीत तर फळीचा विचारच सोडा.

प्रश्न : वडिलोपार्जित घराच्या मुख्य दरवाजावर ऑइल पेंटचे पाच-सहा थर आहेत. ते काढून खालचं सागवान पॉलिश करायचं आहे. सँडिंग मशीन भाड्याने आणावं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आणू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. कोरडं घासलं की ते धुळीत मिसळून घरभर पसरतं आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातं. हीटगनने वाफारतं, तेही नको.

त्याआधी आणखी एक शंका. दरवाजा सागवानाचाच आहे ना? बिजागरीच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, सहा इंचांचा चौकोन उघडा करून बघा. पूर्वी रंगाचा दरवाजा करताना सुतार हलकं लाकूड वापरत, गाठी आणि जोड लांबी (लाकडाची पुट्टी) भरून झाकत, कारण वरून रंगच बसणार असायचा. असं निघालं तर पॉलिशचा नाद सोडा. रंग घट्ट असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून चमक घालवा, पुसून सुकवा, प्रायमरचा एक आणि एनॅमलचे दोन पातळ हात द्या.

सागवान निघालं तर दरवाजा उतरवून अंगणात घ्या आणि खाली प्लॅस्टिक अंथरा. मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना लांब ठेवा. पेंट रिमूव्हर जाडसर फासून पंधरा-वीस मिनिटं थांबा. रंग फुगून सुरकुतला की पत्तीने रेषांच्या दिशेने ओढा. सहा थर एका खेपेत निघत नाहीत, दोन-तीन खेपा धरा. मोजे जाड घाला, अंगाला लागलं तर भाजतं. उरलेला भाग ओल्या पेपरने घासा, निघालेला लगदा पिशवीत बांधून टाका, बंबात जाळू नका.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर सिमेंटचे आणि रंगाचे डाग आहेत. ॲसिडने निघतील का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : डाग निघतील, पण त्यांच्याबरोबर फरशीही निघेल. शहाबादी दगड चुनखडीचा आहे. कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा, तेवढ्यानेही डाग पडतो. ॲसिडने पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मग हळदीचा नि तेलाचा प्रत्येक थेंब आत मुरतो. रंग पत्तीने, फरशीला जवळजवळ आडवी धरून, खरवडा. सिमेंटही तसंच, ओलं करून, घाई न करता. तेलकट थराला बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून नारळाच्या शेंडीने घासा. त्यानंतरही निस्तेज वाटली तर मशीन पॉलिश करून घ्या, ते काम गवंड्याचं. तेल लावून काळी चमक आणतात ती चार दिवसांची, नंतर धूळ चिकटून फरशी आणखी मळकट दिसते.

प्रश्न : ओट्याखालच्या ट्रॉलीजवळच्या कपाटाचं दार खाली झुकलं आहे, शेजारच्या दाराला घासतं. (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : बिजागरीच्या हातावर दोन स्क्रू असतात. दाराजवळचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, मागचा सैल केला की आत-बाहेर. वर-खाली करायचं तर कपाटाच्या बाजूची पट्टी धरणारे स्क्रू सैल करून, दार उचलून धरून, पुन्हा आवळा. स्क्रू नुसता फिरत असेल तर भोक मोठं झालंय. आगपेटीच्या दोन-तीन काड्या गुल काढून फेव्हिकॉलमध्ये बुडवा, भोकात ठोका, रात्रभर ठेवा, सकाळी पृष्ठभागाशी सपाट कापा आणि तोच स्क्रू हाताने आवळा, मशीनने नको. पण पाणी लागून बोर्ड फुगला असेल तर काड्या धरणार नाहीत. तेव्हा बिजागरी दोन-तीन इंच वर, कोरड्या भागात हलवावी लागेल, आणि त्यासाठी दारात ३५ मिमीचा नवा खड्डा पाडायचा असल्याने तेवढ्यापुरता सुतार बोलवा. आणि सिंकखालचा पाइप कुठे गळतोय ते त्याच दिवशी बघून घ्या.