परभृत म्हणजे कोकीळ की कावळा?

एका वाचकाने विचारले आहे : “चैत्राच्या तोंडावर आमच्या परसात कावळ्यांची काटक्या गोळा करण्याची लगबग सुरू होते आणि थंडीभर दडी मारून बसलेला कोकीळही परत येऊन ओरडू लागतो. या दोघांची जुनी नावे पाहताना ‘परभृत’ या शब्दाचा अर्थ एके ठिकाणी कोकीळ, तर दुसऱ्या ठिकाणी कावळा असा आढळला. यांतला एक मुद्रणदोष समजावा काय?”

मुद्रणदोष नाही, कारण मुळात हे शब्दच दोन आहेत. ‘भृ’ म्हणजे धारण करणे, पोसणे. या धातूपासून कर्मार्थी ‘भृत’ होतो, म्हणून परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, अर्थात कोकीळ. त्याच धातूपासून कर्त्याच्या अर्थाने ‘भृत्’ हे व्यंजनान्त रूप होते, जसे शस्त्र धारण करणारा तो शस्त्रभृत्. त्यामुळे परभृत् म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, अर्थात कावळा. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालायचे आणि कावळ्याने ते उबवून पिलाला भरवायचे, या व्यवहारातल्या दोन्ही बाजूंना मिळालेली ही नावे एवढ्या एका पायमोडीने वेगळी राहिली आहेत.

अमरकोशात कावळ्याची नावे सांगताना ‘ध्वाङ्क्षात्मघोषपरभृद्बलिभुग्वायसा अपि’ अशी ओळ येते. तीतील ‘परभृद्’ मधला द् हा मुळात त् असून पुढच्या ब मुळे त्याचा द् झाला आहे, आणि तिथे अकारान्त ‘परभृत’ घातला तर अनुष्टुभ छंदाच्या आठ अक्षरी चरणात एक अक्षर जास्त होते, म्हणजे लेखनिकाच्या चुकीला तिथे वावच नाही. कोकिळासाठी मात्र त्याच कोशात ‘वनप्रियः परभृतः कोकिलः पिक इत्यपि’ असा स्पष्ट अकारान्त पाठ आहे. गंमत अशी की संस्कृतात नुसते ‘परभृतः’ एवढेच वाचले, तर तो एक कोकीळही असू शकतो आणि अनेक कावळेही, कारण परभृत् या शब्दाचे प्रथमेचे अनेकवचनही ‘परभृतः’ असेच होते. वाक्यातले क्रियापद पाहिल्यावाचून निवाडा होत नाही.

मराठीत घोटाळा वाढतो तो दोन कारणांनी. एक तर शेवटचा अकार आपण उच्चारत नाही, त्यामुळे दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. दुसरे असे की साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार कदाचित्, विद्वान् यांसारखे रूढ तत्सम शब्द पाय न मोडता लिहायचे असतात. ती सवय इथेही लागू केली की डोळ्यांना दिसणारा उरलासुरला भेदही जातो. माझ्या मते हा नियम रूढ शब्दांसाठी आहे, आणि कावळ्याच्या अर्थी हा शब्द मराठीत कधी रूढ झालेलाच नाही. तेव्हा ‘परभृत’ हा कोकिळासाठीच ठेवावा, आणि कावळ्यासाठी पाय मोडून ‘परभृत्’ लिहावे किंवा सरळ ‘वायस’ म्हणावे.

कोकिळेचा हा व्यवहार काव्यालाही जुना परिचयाचा आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला हिणवताना म्हणतो, ‘अन्यैर्द्विजैः परभृताः खलु पोषयन्ति’, म्हणजे कोकिळा आपली पिले इतर पक्ष्यांकडून पोसून घेतात. इथला ‘परभृताः’ हा स्त्रीलिंगी परभृता शब्द आहे, आणि अंडी घालणारी मादीच असल्यामुळे तो नेमकाही आहे. आपण मात्र ‘कोकिळा गाते’ असे लिहून जातो. प्रत्यक्षात ती लांबट, चढत जाणारी साद काळ्या नराची असते, आणि ठिपकेदार तपकिरी मादी नुसती ‘किक् किक्’ अशी कर्कश ओरडते.

आता आपल्या प्रश्नातल्या ‘परत येऊन’ या शब्दांविषयी. महाराष्ट्रातला कोकीळ बहुधा कुठे गेलेला नसतो. थंडीत तो गप्प राहतो आणि दाट पानांत बसतो, म्हणून दिसत नाही. तेव्हा ‘परत येऊन ओरडू लागतो’ याऐवजी ‘पुन्हा ओरडू लागतो’ असे लिहिणे अधिक बरोबर होईल.