अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लू रिजच्या डोंगरात केशरी फुलांचं अझेलिया नावाचं झुडूप असतं, ते शार्लट शहरात अंगणात लावता येईल का? हिवाळ्यात या अझेलियाच्या नुसत्या काड्या उरतात म्हणे, मग ती जगलीय की मेलीय हे कसं ओळखायचं?

काड्या उरल्या म्हणजे मेली नाही. हे आधी सांगते, कारण माझी फ्लेम अझेलिया, म्हणजे हीच केशरी, याच गैरसमजापायी करवतीखाली गेली.

आम्ही याच राज्यात अ‍ॅशव्हिल शहराबाहेर डोंगरउतारावर राहतो. इथे आलो त्या मे महिन्यात ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर मी ती पहिल्यांदा पाहिली. ओकच्या कोवळ्या पालवीखाली पुरुषभर उंचीची झुडपं, आणि पिवळ्यापासून थेट शेंदरीपर्यंतचे रंग. मी चंद्रपूरकडची. मला पळसच आठवला. विल्यम बार्ट्रम नावाचा निसर्ग अभ्यासक 1770च्या दशकात या भागात हिंडला. गडद झाडीतून ही फुलं अचानक दिसली की डोंगराला आग लागल्याची धास्ती वाटते, असं त्याने 1791च्या प्रवासवर्णनात लिहिलंय. फाल्गुनात आमच्याकडे पळसाबद्दल माणसं हेच बोलतात.

2016 साली दोन फुटांचं रोप आणून लावलं. नवऱ्याला पहिल्यापासून ते पटलं नव्हतं. तो तरुणपणी उत्तराखंडात ट्रेकला गेला होता, तिथलं बुरांश हे फुलझाड त्याने पाहिलं होतं. बुरांश आणि अझेलिया एकाच ऱ्होडोडेंड्रॉन गटातले आणि बुरांश बारमाही हिरवा, मग याची पानं झडतात म्हणजे रोपच रोगट, असा त्याचा हिशोब. शेजाऱ्यांच्या दारातल्या अझेलियाही हिरव्यागार होत्या. पण त्या मूळच्या आशियातल्या जाती. अमेरिकेतल्या रानअझेलिया झाडून सगळ्या पानगळीच्या आहेत. हे मी कितीदा सांगितलं असेल!

मग त्याने शेकोटीची राख बुंध्याशी घातली. गावाकडे सासूबाई दोडक्याच्या, वांग्याच्या आळ्यात राख घालायच्या, म्हणून. हेतू चांगलाच होता. पण राखेने मातीतला आम्लपणा कमी होतो, आणि या झुडपाला आम्ल माती, म्हणजे पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकी माती आम्ल) 4.5 ते 5.5 च्या आसपास लागतो. तो त्याच्या वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. त्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. पुढच्या फेब्रुवारीत, 2019 मध्ये, मी कामावर असताना त्याने ते जमिनीलगत कापून टाकलं. संध्याकाळी मी कापलेल्या फांद्या उचलून नखाने साल खरवडली तर आत ओला हिरवा रंग. टोकांना टपोऱ्या कळ्यासुद्धा होत्या, त्या वर्षी पहिल्यांदाच धरलेल्या.

तर ओळखायचं ते असं: नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर ती फांदी मेली. पण एक फांदी मेली म्हणजे झाड मेलं असं नाही. टोकाची जाड कळी फुलांची, बारीक निमुळती पानांची.

मेच्या अखेरीस बुंध्यातून पाच कोंब आले. राख खरवडून काढली, पाइनच्या सालीचा थर दिला, आणि 2022च्या मे महिन्यात झाड फुललं. मी पायरीवर बसून तासन्‌तास बघायचे. या फुलाचे पुंकेसर इतके लांब असतात, आणि स्त्रीकेसर त्यांच्यापासून इतका दूर, की मध प्यायला आलेली छोटी मधमाशी दोन्हींना शिवतच नाही. मोठी पिवळी, काळ्या पट्ट्यांची टायगर स्वॉलोटेल फुलपाखरं येतात आणि त्यांच्या फडफडत्या पंखांना पराग लागून पुढच्या फुलावर जातात. नॉर्थ कॅरोलिनातल्याच संशोधकांनी 2015 मध्ये हे दाखवून दिलं. पंखांवरून परागीभवन ही कीटकांमध्ये फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती माझ्या दारात चालली होती.

नवरा आजही पाहुण्यांना सांगतो, मी छाटलं म्हणून फुललं. चूक आहे. या झाडाच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. फेब्रुवारीत छाटलं की त्या वर्षीची फुलं गेलीच. मुळं शाबूत होती म्हणून ते वाचलं, आणि छाटलं नसतं तर मला तीन वर्षं आधी फुलं दिसली असती.

आता शार्लटचं. माझं मत विचाराल तर तिथे ही लावू नका. ही डोंगरातली, उन्हाळ्यातही गार रात्रींची सवय असलेली. तुमची चिकट लाल माती आणि जुलैची धग तिला मानवत नाही. तसाच रंग हवा असेल तर फ्लोरिडा फ्लेम अझेलिया घ्या, ती उष्णता चांगली सोसते. किंवा तुमच्याच भागातली पीडमाँट अझेलिया, गुलाबी आणि सुवासिक. हीच हवी असा हट्ट असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा. खड्डा खोल करू नका, मुळं उथळ असतात. उलट माती थोडी उंच करून लावा, पाणी तुंबता कामा नये. मनसोक्त बघायची असेल तर जूनच्या उत्तरार्धात स्मोकी पर्वतातल्या ग्रेगरी बाल्डवर जा. 1,500 मीटर उंचीचा, गवताळ माथ्याचा डोंगर, तिथे इतर रानजातींशी संकर होऊन पांढऱ्यापासून लालभडकपर्यंत रंग झालेत. केड्स कोव्ह या खोऱ्याच्या बाजूने जाऊन-येऊन 18 किलोमीटर चाल आहे, चढ दमवणारा.

तिथून किंवा पार्कवेवरून रोप मात्र उपटून आणू नका. कायद्याने गुन्हा आहे, आणि ते जगतही नाही. फांदी लावूनही मुळं धरत नाहीत सहसा. रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. पानं, फुलं, फुलातला मध, सगळं विषारी आहे. कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंपणाशी लावा. देवाला फूल वाहायला हरकत नाही, मी वाहते, पण नैवेद्याच्या ताटात ठेवू नका.

आणि छाटायचंच झालं तर फुलं गळाल्यावर लगेच, जून संपायच्या आत.