स्नायडर, श्नायडर आणि आमचे हेळवी

प्रश्न : मी खानापूरची, शाळेतून रिटायर झालेली बाई. लेक पेनसिल्वेनियात लँकेस्टरजवळ असते, जावई तिथलाच, आडनाव स्नायडर. विहीणबाई सांगतात की त्यांचे मूळ पुरुष 1740 च्या आसपास जर्मनीतनं जहाजानं आले आणि एलिस आयलंडवर क्लार्कनं नाव बदललं. घरात एक जुनं बायबल आहे, त्याच्या पानावर जन्मतारखा लिहिल्यात. आता 11 वर्षांचा नातू मागं लागलाय, आजी तू शिक्षिका होतीस ना, मग जर्मनीतलं गाव शोधून दे. आपल्याकडं हेळवी येऊन सात पिढ्या म्हणून दाखवतात तसं तिकडं कोण नाही का? मला जर्मन येत नाही, सुरुवात कुठनं करू?

उत्तर : बाई, आधी ते एलिस आयलंड काढून टाका डोक्यातनं. न्यूयॉर्कातलं ते बाहेरनं येणाऱ्यांच्या नोंदीचं केंद्र उघडलं 1892 साली, आणि तुमचा मूळ पुरुष त्याच्या दीडशे वर्षं आधी उतरलेला, तेही न्यूयॉर्कात नव्हे, बहुतेक फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर. विहीणबाईंना हे जरा गोडीत सांगा, तिकडं घरोघरी हीच गोष्ट सांगतात, त्यांची एकट्यांची चूक नाही ती.

नाव मात्र बदललं असणार, पण कुणी मुद्दाम बदललं नाही. इंग्रज क्लार्क समोर बसलेला, जर्मन शेतकरी तोंडानं नाव सांगतोय, क्लार्कनं कानाला आलं तसं लिहिलं. श्नायडरचा स्नायडर झाला, म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ. काही घरांनी तर नावाचं सरळ भाषांतर केलं, त्सिमरमान म्हणजे सुतार म्हणून ते कार्पेंटर झाले. आपल्याला ह्यात काय नवल, इकडं मराठीत जो सुतार तो कन्नडात बडिगेर, लोहार तो कम्मार. माझ्याच आजोबांचं नाव जुन्या उताऱ्यावर परशराम, आधीच्या एका मोडी कागदावर परसू आणि नंतरच्या कन्नड पहाणीत परसप्पा, आणि हे तिघं एकच हे सिद्ध करायला मला तीन वेळा तालुक्याला जायला लागलं. तेव्हा नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. श्नायडर म्हणजे शिंपी, प्रत्येक गावात एक तरी असायचाच, त्यामुळं नुसतं नाव जुळलं म्हणून आपलाच माणूस सापडला असं समजाल तर फसाल.

आता जहाजांच्या याद्या. 1727 पासून पेनसिल्वेनियात नियम झाला की येणाऱ्या परदेशी पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची आणि सही करायची. त्या सप्टेंबरात विल्यम अँड सारा नावाचं जहाज आलं, तिथनं ह्या याद्या सुरू होतात, आणि अमेरिकन क्रांतीपर्यंत तीनशेच्या वर जहाजांच्या आहेत. एका जहाजाच्या कधी कधी तीन याद्या असतात, कॅप्टननं दिलेली एक, शपथेच्या दोन. कॅप्टनच्या यादीत क्वचित बायकापोरं आणि वयंही दिसतात, शपथेच्या याद्यांत मात्र फक्त 16 वर्षांवरचे पुरुष, म्हणजे बायको आणि चार लेकरं बरोबर असली तरी कागदावर तो एकटाच. बरीच जहाजं रॉटरडॅमहून निघून इंग्लंडात काउझ बंदराला थांबून पुढं जायची, कारण इंग्रज कस्टम्सचा नियमच तसा होता, तर कुठं काउझ दिसलं म्हणून पूर्वज इंग्लिश समजू नका. आणि जे कुणी आले त्या सगळ्यांना तिकडं सरसकट ‘पॅलटाईन’ म्हणायचे, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या फाल्ट्स भागातले. प्रत्यक्षात व्युर्टेमबर्गचा असो, बाडेनचा असो नाहीतर स्वित्झर्लंडचा असो, लेबल तेच. आपल्याकडं मुंबईला गेलेल्या माणसाला ‘बेळगावकडचा’ म्हणतात, मग तो निपाणीचा असो की चंदगडचा, तसंच ते.

ह्या याद्या 1934 मध्ये तीन खंडांत छापल्यात आणि एका खंडात मूळ सह्यांचे फोटोच आहेत. मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. ज्याला लिहिता येत होतं त्यानं जर्मन लिपीत स्वतः सही केली, ज्याला येत नव्हतं त्यानं खूण केली आणि क्लार्कनं नाव लिहिलं. नंतर त्याच माणसानं लँकेस्टरला मृत्युपत्र केलं असेल, जमिनीच्या कागदावर सही केली असेल, तर दोन सह्या शेजारी ठेवून बघता येतात. सही जुळली तर नुसत्या नावापेक्षा दहापट पक्का पुरावा. मोडीतल्या सह्या ओळखणारी माणसं आपल्याकडं होती ना, तसलंच काम.

पण बाई, एक सांगते, जर्मनीकडनं सुरुवात करू नका. सगळे तिथंच चुकतात, एक श्नायडर सापडला की त्याच्या गावाचे फोटो मागवून मोकळे. जावयाकडनं मागं चला, एकेक पिढी, मृत्युपत्र, जमीन, चर्च. लँकेस्टर काउंटी झाली 1729 ला, त्याआधी तो मुलूख चेस्टर काउंटीत होता, म्हणजे त्याआधीचे कागद चेस्टरला. आपला बेळगाव जिल्हा धारवाडातनं 1836 ला वेगळा काढला, नंतर 1956 ला राज्यच बदललं, त्यामुळं जुनं काही शोधायचं म्हटलं की कुठल्या ऑफिसला जायचं हाच पहिला प्रश्न, तुम्हाला हे मी काय सांगायचं.

गाव मिळायची सगळ्यात जास्त आशा चर्चच्या वहीत. लुथेरन आणि रिफॉर्म्ड अशी प्रॉटेस्टंटांची दोन मुख्य मंडळं, आधी जावयाच्या घरचं कुठलं ते विचारा. म्यूलेनबर्ग हा लुथेरन पाळक 1742 ला आला, श्लाटर हा रिफॉर्म्ड 1746 ला, त्यांच्यानंतर वह्या जरा शिस्तीत आल्या. लग्नाच्या नाहीतर दफनाच्या नोंदीत कधी कधी मूळ गाव लिहिलेलं असतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीला कोण उभं होतं ते बघा. ती माणसं बहुतेक सख्खी नात्यातली नाहीतर जुन्या गावची. लोक एकटे येत नव्हते हो, एकाच गावची चार घरं एकाच जहाजावर, मग शेजारी शेजारी जमिनी, पोरांची लग्नंही आपसातच. तुमच्या श्नायडरचं गाव नाही मिळालं तरी त्याच्या साक्षीदाराचं मिळेल, आणि बहुतेक वेळा तेच गाव निघतं. आपल्यातही कुळाचा पत्ता लागत नाही तेव्हा सोयरीक कुठं झाली ते विचारतातच की.

नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवते. तीन सख्खे भाऊ योहान गेऑर्ग, योहान आडाम, योहान मिखाएल असे सापडले तर घाबरू नका, पुढचं योहान शोभेचं, हाक दुसऱ्या नावानं. पण ‘योहानेस’ असं एकटं असेल तर तेच हाकेचं नाव. बाईच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागतं, श्नायडरिन, ते वेगळं आडनाव नव्हे.

हेळवी तिकडं नाहीत. बैल घेऊन दारात यायचं, पोथी उघडून पणजोबाच्या पणजोबाचं नाव म्हणायचं आणि जोंधळे घेऊन पुढं जायचं, हे भाग्य आपलंच. त्यांच्यात ते काम पाद्र्याच्या वहीनं केलं. जर्मनीतल्या ह्या वह्या, काही तर सोळाव्या शतकापासूनच्या, आता बऱ्याच ऑनलाईन आहेत, फॅमिलीसर्चवर फुकट, आर्किऑनवर पैसे भरून. फाल्ट्समधल्या प्रॉटेस्टंट चर्चचं दप्तर श्पायर शहरात आहे. फ्रेंच सैन्यानं 1689 ला तो सगळा भाग जाळला त्यात कित्येक वह्याही गेल्या, तेव्हा एखाद्या गावी काहीच मिळालं नाही तर दोष तुमचा नाही. लिपी वाचायला मात्र जड, मोडीसारखीच, पण जन्म, लग्न, मृत्यू एवढे चारपाच शब्द ओळखायला आठवड्यात येतं. नातवाला बसवा शेजारी, पोरांना ते कोडं सोडवल्यासारखं वाटतं.

प्रश्न : माझा चिकोडीचा मित्र तिकडं असतो. त्याच्या बायकोचे लोक म्हणतात आमचा पूर्वज हेसियन सैनिक होता, पळून जाऊन तिथंच राहिला. डीएनए टेस्ट केली तर कळेल का? (निपाणी)

उत्तर : डीएनएनं दूरचे भाऊबंद कळतील, त्यातला एखादा कागद सांभाळून बसलेला असला तर तुमचं नशीब. पण अडीचशे वर्षांमागचा सैनिक त्यातनं नावानिशी निघत नाही. इंग्रजांनी क्रांतीच्या युद्धात जर्मन राजांकडनं साधारण 30,000 सैनिक भाड्यानं आणले, त्यांनाच हेसियन म्हणतात, आणि त्यातले काही हजार मागं राहिले हे खरं, म्हणून गोष्ट अशक्य नाही. पण आधी बघा, तो माणूस 1776 च्या आधीच्या टॅक्सच्या यादीत आहे का. असला तर हेसियन नव्हे, साधा शेतकरी होता, आणि गोष्ट नंतर कुणीतरी मीठमसाला लावून सांगितली.

प्रश्न : तिकडच्या एका जर्मन पूर्वजाची चर्चच्या वहीत एक जन्मतारीख, घरच्या कागदावर दुसरी, बरोबर 11 दिवसांचा फरक. कुणी चुकलं? (अथणी)

उत्तर : कुणीच नाही. इंग्रजांच्या मुलखात 1752 पर्यंत जुनं कॅलेंडर होतं, त्या वर्षी 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला. जर्मन प्रॉटेस्टंटांनी नवं कॅलेंडर 1700 लाच घेतलेलं, म्हणून एकजण नव्या कॅलेंडरची तारीख लिहायचा आणि दुसरा जुन्या. त्यात भर म्हणजे 1752 च्या आधी इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखेत सालही एकानं मागं दिसतं. शके आणि फसली साल एकाच कागदावर वाचणाऱ्यांना हे नवीन नाही.

जाता जाता परत खानापूरच्या बाईंना. त्या बायबलचा फोटो मागवाल तेव्हा नुसत्या तारखांच्या पानाचा नको, पहिल्या छापील पानाचाही मागवा, छपाईचं साल दिसेल असा. जर्मनटाऊनला झाउएर नावाच्या छापखानदारानं 1743 ला जर्मन बायबल छापलं होतं, ते असलं तर मजाच. पण छपाई समजा 1805 ची असली आणि त्यात 1741 चा जन्म लिहिलेला असला, सगळ्या नोंदी एकाच शाईत एकाच हातच्या असल्या, तर ते कुणीतरी नंतर आठवून लिहिलेलं आहे आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या तारखा चर्चच्या वहीशी ताडून बघायला लागतील.