कधीच ताप-खोकला नव्हता, तरी डिसेंबर 2020 मध्ये रुग्णालयातल्या स्टाफच्या कोविड अँटिबॉडी चाचणीत मी पॉझिटिव्ह कशी आले? चाचणी चुकली का? आता पुन्हा करावी का?

चुकली असण्याची शक्यता कमी आहे. बहुतेक तुम्हाला संसर्ग होऊन गेला आणि कळलाही नाही. मी तेव्हा एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये होतो. स्टाफच्या नळ्या आमच्याकडेच यायच्या. कसलाही त्रास न झालेल्या माणसाच्या सीरमने (रक्तातल्या द्रवाने) एलायझा या अँटिबॉडी चाचणीच्या प्लेटमधली वेल, म्हणजे छोटा खळगा, पिवळीधमक, म्हणजेच पॉझिटिव्ह, झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

आरटीपीसीआर त्या दिवशी नाका-घशात विषाणू सापडतो का, एवढंच सांगते. अँटिबॉडी चाचणीत शोधतात त्या आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, पण पुढे कित्येक महिने त्या रक्तात राहतात. स्वॅब ज्यांचा घेतलाच नाही, त्यांचाही संसर्ग त्यामुळे नंतर पकडता येतो.

खोटे पॉझिटिव्ह येतातच. किती, ते आजूबाजूला संसर्ग किती पसरला होता यावर ठरतं. समजा, चाचणी संसर्ग झालेल्या शंभरातल्या 92 जणांना पकडते आणि न झालेल्या शंभरातल्या दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हजारांच्या स्टाफमध्ये 50 जणांनाच संसर्ग झाला असेल, तर 46 खरे आणि 19 खोटे पॉझिटिव्ह निघतील. तेच 250 जणांना झाला असेल, तर 230 खरे आणि 15 खोटे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या डिसेंबर 2020-जानेवारी 2021 च्या सर्वेक्षणात आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये अँटिबॉडी असलेल्यांचं प्रमाण 25.7 टक्के होतं. म्हणून तुमच्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवेन.

आता पुन्हा करण्यात अर्थ नाही. कोविशील्डमुळे विषाणूच्या बाहेरच्या स्पाइक प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनतात, त्यामुळे त्या लशीने आल्या की संसर्गाने, हे ओळखता येत नाही. न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी तो फरक दाखवू शकते, पण कोव्हॅक्सिन घेतली असेल तर तीही गोंधळते, कारण त्या लशीत अख्खा मारलेला विषाणू असतो.

खरं तर अशी चाचणी एकट्या माणसापेक्षा रुग्णालयाच्या जास्त कामाची. एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत 516 कर्मचाऱ्यांच्या रक्तात अँटिबॉडी शोधल्या. आयसीयूतल्या स्टाफमध्ये 14.8 टक्के पॉझिटिव्ह होते, साफसफाई करणाऱ्यांत 34.5 टक्के! ज्या आयसीयूला सगळे घाबरत होते, तिथे प्रमाण सर्वात कमी असलेल्या विभागांइतकं होतं, आणि झाडू-पोछा करणाऱ्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला हे फार लागतं, कारण आमच्या यादीत डॉक्टर होते, सिस्टर होत्या, पण कंत्राटी मावशी आणि वॉर्डबॉय नव्हते. त्यांचं रक्त कुणी घेतलंच नाही.

तुमच्याकडे विभागवार आकडे काढले होते का, आणि कंत्राटी लोक त्यात होते का, हे इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरना जरूर विचारा.