लाल ठिपका आणि 'व्यक्त' जनुक

शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: मायक्रोअ‍ॅरेवरच्या (एका काचपट्टीवर अनेक जनुकं किती काम करतायत हे एकदम मोजायच्या तंत्रावरच्या) मराठी लेखात मी 'लाल ठिपका म्हणजे व्यक्त झालेला जनुक' असं लिहिलं. सरांनी 'व्यक्त'खाली रेघ मारली. 'आविष्कृत' लिहू का?

'व्यक्त' खुशाल ठेवा. जनुकातल्या माहितीवरून पेशी आरएनए आणि बहुतेकदा पुढे प्रथिन बनवते, त्याला 'अभिव्यक्ती' हा शब्द आता रुळलाय. 'आविष्कार' मराठीत चूक नाही, पण हिंदी पुस्तकं वाचणाऱ्याला तो 'नवा शोध' वाटतो. 'आविष्कृत जनुक' म्हटलं की कुणीतरी प्रयोगशाळेत घडवलेलंच वाटायचं. आणि हो, ते जनुक. 'झालेला' खोडून 'झालेलं' करा.

माझी रेघ मात्र 'लाल'खाली पडली असती. आपल्या उसाचंच घ्या. पाण्याचा ताण पडलेलं एक पान, भरपूर पाणी मिळालेलं दुसरं. दोन्हींच्या आरएनएपासून सीडीएनए (आरएनएवरून उतरवलेली डीएनए-प्रत) करून पहिल्याला साय-५, दुसऱ्याला साय-३ हे चमकणारं रंगद्रव्य जोडायचं आणि दोन्ही एकाच काचपट्टीवर सोडायचे. पट्टीवर ठिपक्या-ठिपक्याला एकेका जनुकाचे डीएनए-तुकडे बसवलेले असतात, जुळणारा सीडीएनए तिथे चिकटतो. मग स्कॅनर दोन लेसरांनी दोन प्रतिमा घेतो, त्याही करड्या छटांच्या. साय-५च्या प्रतिमेत लाल आणि साय-३च्या प्रतिमेत हिरवा रंग मागाहून संगणक भरतो! दोन्ही सारखे पडले की ठिपका पिवळा दिसतो. प्रत्येक बिंदूला ० ते ६५,५३५ मधला आकडा असतो. त्यातून पार्श्वभूमीची चमक वजा करून दोन आकड्यांचं गुणोत्तर काढतात. पार ६५,५३५ला, म्हणजे मोजण्याच्या कमाल मर्यादेला, टेकलेल्या ठिपक्याच्या गुणोत्तरावर भरवसा ठेवू नये.

म्हणजे लाल ठिपका एवढंच सांगतो, की ताणातल्या पानात त्या जनुकाचा आरएनए दुसऱ्यापेक्षा जास्त आहे. पिवळा ठिपका? तेही जनुक व्यक्तच आहे, दोन्हीकडे जवळपास सारखं. हिरव्यातलंही व्यक्तच, फक्त पाणी मिळालेल्या पानात जास्त. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांतल्या नेहमीच्या छोट्या रोपाच्या ४५ जनुकांवर ही दोन रंगांची पद्धत वापरली, तेव्हाही ती तुलनेचीच होती. वाक्य असं करा: 'लाल ठिपका म्हणजे ताणातल्या पानात या जनुकाची अभिव्यक्ती तुलनेने जास्त.' 'तुलनेने' गाळू नका. ('लाल'चं 'तांबडा' करायचा मोह झाला तरी आवरा, कोल्हापुरात वाचणारा थेट रश्श्यावर जाईल.)

जाता जाता, शीर्षकात 'अभिव्यक्तीमापन' छापलंय. समासात पहिलं पद तत्सम असल्याने 'क्ति' ऱ्हस्व हवा: अभिव्यक्तिमापन.